रिकाम्या सॉकेटची टोपी

घरातल्या डीव्हीडी प्लेअरची, सेट टॉप बॉक्सची किंवा ॲम्प्लिफायरची पाठ तुम्ही कधी निरखून पाहिली आहे का? यंत्राचं तोंड आपण रोज पाहतो. पाठ मात्र भिंतीकडे असते आणि तिथं धूळ साचते. त्या पाठीवर गोल गोल सॉकेटांची रांग असते. लाल आणि पांढरं आवाजाचं, पिवळं चित्राचं. त्यांच्या शेजारी बहुधा नारिंगी रंगाचं आणखी एक सॉकेट असतं. त्यावर ‘डिजिटल आउट’ किंवा ‘कोअ‍ॅक्शियल’ असं लिहिलेलं असतं. शंभरातल्या नव्वद घरांत या नारिंगी सॉकेटला कुणाची वायर कधी लागलेली नसते. यंत्र आणल्या दिवसापासून ते रिकामंच असतं.

आवाजाच्या शौकीन मंडळींमध्ये या रिकाम्या सॉकेटविषयी एक समजूत आहे. ते म्हणतात, या सॉकेटातून डिजिटल आवाजाची वीजलहर सतत बाहेर यायचा प्रयत्न करत असते. तिला पुढे वाट नसते, म्हणून ती उलटी फिरते, यंत्राच्या पोटात जाते आणि तिथल्या कामात गोंधळ करते. त्यावर उपाय म्हणजे सॉकेटावर एक टोपी बसवायची. टोपीत ७५ ओहमचा एक छोटा रोधक, म्हणजे रेझिस्टर असतो. तो ही लहर गिळून टाकतो आणि गाणं अधिक मोकळं, स्वच्छ ऐकू येतं. इंग्रजीत या टोपीला टर्मिनेटर म्हणतात. आतला रोधक रुपया-दोन रुपयांचा. पण सोनेरी मुलामा दिला, मखमली डबी दिली की त्याच टोपीची किंमत कुठल्या कुठे जाते.

ही समजूत मोठ्या शहरांतल्या दिवाणखान्यांपुरती राहिली असती तर त्यावर बोलायचं कारण नव्हतं. पण आता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतही ती येऊन पोचली आहे. झाडीपट्टीतल्या एका साउंडवाल्यानं मला विचारलं, “भाऊ, मागच्या खाली पिनेले टोपी बसवली का आवाज साफ होते मंतेत. खरं हाय का जी?” मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. पण कवीचं निम्मं आयुष्य माइकसमोर जातं, आणि शब्द लोकांच्या कानापर्यंत धड पोचला की नाही याची काळजी त्याला असतेच. म्हणून जाणत्या अभियंत्यांना विचारलं, पुस्तकं चाळली. उत्तर थोडक्यात सांगायचं तर ‘जवळजवळ नाही’ असं आहे. पण ते ‘नाही’ का, आणि ‘जवळजवळ’ का, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे सांगितलं पाहिजे की आमच्याकडे हा प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला झाडीचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. तिची स्वतःची रंगभूमी आहे आणि देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिचं मोठं केंद्र. दिवाळी झाली, धान कापून झालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. हजारोंचा प्रेक्षक उघड्यावर बसतो आणि नाटकात गाणी असतात. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा ठिकाणी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला संवाद ऐकू आला नाही, तर पुढच्या वर्षी त्या गावचं बोलावणं येईलच असं नाही. साउंडवाल्याच्या हातात हंगामाला जे चार पैसे उरतात, ते कशावर घालायचे हा म्हणूनच खरा प्रश्न.

आता मुळाशी जाऊ. टोपीवाल्यांच्या म्हणण्यात सत्याचं एक बीज नक्की आहे. ते समजायला आपल्याकडचा तलाव पुरे. पूर्व विदर्भात गावोगावी मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. अशा एखाद्या तलावाच्या काठी उभे राहा. समजा, एका बाजूला उभी दगडी भिंत आहे आणि दुसरीकडे जमीन हळूहळू चढत गेली आहे, गाळ आहे, गवत आहे. मधोमध दगड टाका. लाट भिंतीवर आदळली की उलटी फिरते आणि समोरून येणाऱ्या लाटेत मिसळते. उतरत्या काठावर गेलेली लाट मात्र तिथंच गवतात विरून जाते, परत येत नाही. पाणी तेच, लाट तीच. फरक आहे तो तिला शेवटी काय भेटलं याचा.

वायरीतून जाणाऱ्या विजेच्या लहरीचंही असंच असतं. प्रत्येक प्रकारच्या वायरीचा लहरीला होणारा एक ठरावीक विरोध असतो. इंग्रजीत त्याला इम्पीडन्स म्हणतात, आपल्या शास्त्रीय परिभाषेत संरोध. घरगुती डिजिटल आवाजाच्या कोअ‍ॅक्शियल वायरीचा संरोध ७५ ओहम असतो. स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या दोन तारांच्या डिजिटल वायरीचा ११० ओहम. वायरीच्या टोकाला तेवढ्याच ओहमचा रोधक असेल तर लहर तिथं पूर्ण शोषली जाते. हा झाला गवताचा काठ. टोक मोकळंच सोडलं तर लहर भिंतीवर आदळल्यासारखी परत फिरते.

हे नुसतं पुस्तकी नाही. ज्यांनी नव्वदच्या दशकात केबल टीव्ही पाहिला त्यांना ‘भूत’ आठवत असेल. पडद्यावर नायकाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसायची. त्याचं एक कारण हेच परावर्तन होतं. केबलवाल्यानं फाटा काढलेला असायचा, त्या फाट्याचं टोक कुठं तरी मोकळं लोंबत असायचं, आणि तिथून परत आलेलं चित्र क्षणाच्या अगदी छोट्या भागानं उशिरा पडद्यावर उमटायचं. जाणकार केबलवाला त्या मोकळ्या टोकाला ७५ ओहमची टोपी लावायचा आणि भूत उतरायचं! त्याच काळात कार्यालयांमधले संगणक काळ्या गोल वायरीनं एकमेकांना जोडलेले असत. त्या वायरीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमच्या टोप्या असत. झाडूपोछा करताना एखादी टोपी निखळली की सगळे संगणक एकमेकांशी बोलायचे थांबत.

आजही हा नियम रद्द झालेला नाही. झाडीपट्टीच्या मंचावर आता रंग बदलणारे एलईडी दिवे दिसतात. असे दिवे बहुधा डीएमएक्स नावाच्या पद्धतीनं चालतात. ही पद्धत १९८६ सालची. एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वायर जाते आणि साखळीतल्या शेवटच्या दिव्याला १२० ओहमची टोपी लावायची असते. ती नसली तर लांब साखळीत दिवे नको तेव्हा मिचकतात, भलताच रंग दाखवतात. आणि आकाशवाणीच्या एफएम प्रक्षेपकाचं तर विचारूच नका. त्याच्या तोंडाशी नीट जुळलेला ॲंटेना किंवा त्याऐवजी शक्ती गिळणारा ५० ओहमचा बनावट भार असलाच पाहिजे. तो नसेल तर बाहेर फेकलेली शक्ती उलटी फिरते आणि प्रक्षेपकालाच इजा करू शकते. म्हणून शक्ती परत येताना दिसली की ती यंत्रणा स्वतःहून मागे सरते किंवा बंद होते.

मग प्रश्न पडतो, इतक्या ठिकाणी टोपी लागते तर आपल्या डीव्हीडी प्लेअरच्या रिकाम्या सॉकेटलाही ती लागायला नको का?

इथं जरा थांबून वरची सगळी उदाहरणं पुन्हा पाहा. केबल टीव्ही, संगणक, दिव्यांची साखळी, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. तिथं लांबलचक वायर आहे, त्याच वायरीवर दुसरं कुणी तरी ऐकत बसलेलं आहे, आणि परत फिरलेली लहर त्याच्या कानात शिरते. टोपी लावायची ती रस्त्याच्या टोकाला. प्रक्षेपकाजवळ ऐकणारा कुणी नसतो, पण तिथली शक्ती एवढी दांडगी असते की ती परत येणंच धोक्याचं. रिकाम्या सॉकेटला यातलं काय आहे? त्याला वायर नाही. त्याच्यावर कुणी ऐकत नाही. आणि शक्ती म्हणाल तर अर्ध्या व्होल्टची. ज्याला रस्ताच नाही, त्याचं टोक कुठलं?

याला थोडे आकडे देतो. गाण्याची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ च्या ऑक्टोबरात जपानच्या बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, डाव्या कानाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. प्रत्येक नमुना म्हणजे शून्य आणि एक यांचे १६ अंक. हेच नमुने डिजिटल सॉकेटातून पाठवताना प्रत्येकाला ३२ अंकांची जागा दिलेली असते, कारण सोबत काही खुणा आणि माहितीही जाते. डावा-उजवा मिळून ६४. त्याला ४४,१०० नी गुणलं की सेकंदाला २८,२२,४०० अंक होतात. आता या अंकांकडे गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या लांब मालगाडीसारखं पाहा. पाठवण्याच्या रीतीप्रमाणे यातली सर्वांत आखूड खूण सुमारे १७७ नॅनोसेकंद टिकते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात लहर वायरीतून साधारण २० सेंटीमीटर जाते. म्हणजे आपल्या मालगाडीचा सर्वांत छोटा डबासुद्धा ३५ मीटर लांबीचा झाला.

आता रिकाम्या सॉकेटाकडे बघा. आतल्या चिपपासून सॉकेटाच्या तोंडापर्यंतचं अंतर किती? पाच, फार तर दहा सेंटीमीटर. लहर तिथंवर जाऊन परत यायला एक नॅनोसेकंद पुरतो. खुणेचा चढ पूर्ण व्हायलाच काही नॅनोसेकंद लागतात. म्हणजे लहर धड उभी राहायच्या आत तिची परतफेरी झालेली असते. शिवाय पाठवणाऱ्या टोकाला सर्किटातच ७५ ओहमचा संरोध ठेवलेला असतो. परत आलेली लहर तिथं शोषली जाते. तलावाच्या भाषेत सांगायचं तर वाटीभर पाण्यात आपण भिंतीवर आदळणाऱ्या लाटा शोधतो आहोत.

यावर टोपीवाल्यांचे तीन आक्षेप असतात आणि ते ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला असा की मोकळं सॉकेट ॲंटेनासारखं वागतं, नको ती लहर हवेत सोडतं आणि हवेतली आत घेतं. पण ॲंटेनाला लांबी लागते. सेकंदाला २८ लाख कंपनांच्या लहरीची लांबी शंभर मीटरच्या पुढे जाते. एफएम रेडिओच्या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर. सॉकेटातली पिन काही मिलिमीटरची, तीही धातूच्या कड्याच्या आत. एवढ्याशा पिनेनं शंभर मीटरच्या लहरीला हात घालणं म्हणजे चिमट्यानं नदी अडवणं.

दुसरा आक्षेप वेळेच्या शिस्तीचा आहे. डिजिटल आवाजात प्रत्येक नमुना ठरल्या क्षणी वाजला पाहिजे. तो मागेपुढे डगमगला तर त्याला जिटर म्हणतात. परावर्तनामुळे जिटर वाढू शकतो हे खरं आहे. पण तो वाढतो त्या वायरीवर, जिच्यावरून दुसरं यंत्र अंक वाचत असतं. मृदंगाचा ठेका पकडून गाणारा गायक ठेका चुकला तर चुकेल. पण शेजारच्या रिकाम्या खोलीत मृदंग घुमला म्हणून तो कशाला चुकेल? तिथं तो ऐकायला बसलेलाच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतात, आतली चिप काम करते तेव्हा यंत्राच्या वीजपुरवठ्यात बारीक कुरबुर होते आणि ती शेजारच्या सर्किटात पोचते. हे खरं आहे. पण टोपी लावल्यानं ती कुरबुर घटते की वाढते? सॉकेट मोकळं असताना चिपला बाहेर जवळजवळ काहीच प्रवाह द्यावा लागत नाही. ७५ ओहमची टोपी लावली की अर्ध्या व्होल्टच्या खुणेसाठी सहा-सात मिलिअँपिअर प्रवाह सतत खालीवर करावा लागतो. म्हणजे जो मजूर रिकामा बसला होता त्याच्या डोक्यावर तुम्ही पाटी दिली! यानं फार बिघडतं असं नाही, हा प्रवाह फार छोटा आहे. पण सुधारतं म्हणायला तर काही आधार उरत नाही. ज्यांना ही कुरबुर खरंच नको आहे त्यांच्यासाठी फुकटचा उपाय आहे. काही यंत्रांच्या मेनूत डिजिटल आउटपुट बंद करायची सोय असते. ते बंद करावं, काम संपलं.

मग मी सुरुवातीला ‘जवळजवळ’ का म्हटलं? कारण दोन-तीन ठिकाणी टोपीचा किंवा तिच्यासारख्या उपायाचा उपयोग होतो. एखाद्यानं एकाच डिजिटल आउटपुटला दुफळी वायर लावून दोन यंत्रं जोडली, आणि त्यातलं एक काढून वायर तशीच लोंबत ठेवली, तर ते लोंबतं टोक दुसऱ्या फाट्याला त्रास देऊ शकतं. तिथं खरा उपाय टोपी नसून ती वायर काढून टाकणं आहे. दुसरं, स्टुडिओत अनेक डिजिटल यंत्रांना एका ठेक्यावर चालवायला घड्याळाची वेगळी वायर फिरवलेली असते. तिच्या शेवटच्या टोकाला ७५ ओहम लागतातच, तो स्टुडिओचा रोजचा नियम आहे. तिसरं, रिकाम्या आउटपुटला काही मीटरची वायर खोचून ती टेबलामागे टाकून दिलेली असेल तर ती मात्र ॲंटेनासारखी वागू शकते आणि जवळच्या रेडिओत खरखर आणू शकते. ती काढा. अर्थात मध्यम लहरींवरच्या रेडिओत खरखर येत असेल तर आधी मोबाइलचा चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवा बंद करून पाहा. बहुतेक वेळा चोर तिथंच सापडतो.

काही यंत्रांच्या पाठीवर गोल सॉकेटाऐवजी चौकोनी झडप असते आणि तिच्यातून तांबडा उजेड डोकावतो. तो प्रकाशाचा रस्ता. तोशिबा कंपनीनं १९८३ साली तो आणला. तिथून वीज नव्हे, उजेड बाहेर जातो. त्याला ओहमची टोपी लागतच नाही. धूळ जाऊ नये म्हणून त्याच्यासोबत येणारं प्लास्टिकचं बूच मात्र जरूर बसवावं. खदानींच्या आणि सिमेंटच्या आमच्या जिल्ह्यात धुळीचं काय सांगावं!

एवढं सगळं असूनही काही प्रामाणिक माणसं सांगतात, टोपी लावली आणि आम्हाला फरक ऐकू आला. ते खोटं बोलत नाहीत. पण फरक कशामुळे पडला हा वेगळा प्रश्न आहे. टोपी बसवायला माणूस यंत्र बाहेर ओढतो. त्या निमित्तानं सगळ्या पिना काढतो, पुसतो, परत घट्ट बसवतो. आमच्याकडे पावसाळ्यातली दमट हवा चार-चार महिने असते. तिनं पिनांवर गंजाचा पातळ थर चढतो आणि खरखर सुरू होते. पिना काढून घातल्या की तो थर घासला जातो, आवाज खरोखर सुधारतो, आणि श्रेय नव्या टोपीला मिळतं. मराठीत ‘टोपी घालणं’ या शब्दांना दुसरा अर्थ का आला असावा, हे अशा वेळी कळतं.

दुसरं कारण आपल्या मनाचं. पैसे मोजले की कान टवकारले जातात. तेच गाणं दुसऱ्यांदा लक्ष देऊन ऐकलं की त्यात आधी निसटलेला तंबोरा सापडतो. कवितेचंही असंच होतं. दुसऱ्या वाचनात ओळ नवी वाटते, ओळ मात्र तीच असते. आवाजाची पातळी किंचित वाढली तरी कानाला तो ‘अधिक चांगला’ वाटतो, हेही जाणकारांना ठाऊक असतं.

म्हणून कानावर विश्वास ठेवायचा, पण त्याची परीक्षा घेऊन. परीक्षा घरच्या घरी होते. मित्राला यंत्रामागे बसवा. तो दर खेपेला नाणं उडवेल. छापा पडला तर टोपी लावायची, काटा पडला तर काढायची, आणि काय केलं ते वहीत लिहायचं. तुम्हाला तो दिसता कामा नये. गाणं तेच, आवाजाची पातळी तीच. तुम्ही फक्त सांगायचं, टोपी आहे की नाही. असं दहा वेळा करा. नुसत्या अंदाजानंही पाच-सहा उत्तरं बरोबर येतातच. दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक बरोबर आली तर मात्र विचार करावा लागेल, कारण नुसत्या अंदाजानं तसं शंभरात एखाद्याच वेळी घडतं. ही परीक्षा रुपयाच्या नाण्यात होते. महागडी वस्तू विकणाऱ्याला ती घ्यायला सांगून पाहा.

आता एक इशारा. नारिंगी, लाल, पांढरं आणि पिवळं ही चारही सॉकेटं आकारानं सारखीच असतात. ७५ ओहमची टोपी अंधारात चुकून लाल किंवा पांढऱ्या सॉकेटावर बसली तर आवाज सुधारायचं राहिलं, उलट बसतो आणि फाटतो. बाजारात आणखी एक टोपी मिळते, तिला शॉर्टिंग प्लग म्हणतात. ती आतली दोन टोकं सरळ जोडून टाकते. रिकाम्या इनपुटवर ती चालते. आउटपुटवर ती कधीही लावू नये, यंत्र बिघडू शकतं. आत येण्याची वाट आणि बाहेर जाण्याची वाट यातला फरक ओळखूनच हात लावावा.

मग साउंडवाल्यानं पैसे कशावर घालावेत? माझ्या मते पहिला रुपया अर्थिंगवर. मंचावर जी ‘हूं’ अशी घुमी ऐकू येते, ती बहुधा ५० किंवा १०० कंपनांची असते आणि ती आपल्या विजेच्या तारेतून आलेली असते. चंद्रपूर जिल्हा वीज तयार करतो. चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्च दाबाची वाहिनी १९९९ पासून वीज मुंबईकडे वाहून नेते. पण त्याच मुलखातल्या आडगावात रात्रीच्या प्रयोगाला व्होल्टेज पडतं, जनरेटर लावावा लागतो, आणि दिवे व आवाज एकाच तारेवर चालतात. दिव्यांची तार वेगळी आणि आवाजाची वेगळी ठेवली, माइकच्या वायरी विजेच्या वायरींना समांतर न नेता काटकोनात ओलांडल्या, वायरींचे तुटके जोड पुन्हा डाख देऊन पक्के केले, तर जो फरक पडतो तो ओळखायला परीक्षा घ्यावी लागत नाही. कर्ण्यांचं तोंड माइककडे नसावं आणि टिनाच्या छपरावर आवाज आपटू नये, हेही बिनपैशांचे उपाय.

आणि घुमी घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन, म्हणजे अर्थची पिन, कापून टाकायची जी वाईट खोड आहे, ती सोडली पाहिजे. पिन कापल्यानं घुमी कधी कधी जातेही. पण त्यानंतर यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यात, माइकच्या दांड्यात वीज उतरते. दवानं ओल्या झालेल्या मंचावर अनवाणी उभा असलेला नट तो माइक हातात घेतो. त्याला जमिनीत जाण्याची वाट आपणच तोडून टाकलेली असते. मग वीज वाट शोधते ती त्याच्या अंगातून. लहरीला शेवटी काय भेटतं, हाच या सगळ्या बोलण्याचा विषय होता. रिकाम्या सॉकेटात तिला काहीच भेटलं नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. अर्थची तार तुटलेली असेल तर मात्र तिला माणूस भेटतो.

पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद झाल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यामागून पावसाळे वाचत आलो. अशा वेळी एखाद्या घरात रेडिओवरचा एक स्पष्ट शब्द, गावच्या कर्ण्यावरची एक धड सूचना माणसांना सावध करते. आवाज स्वच्छ असणं ही आमच्या जंगल मुलखात चैन नाही. तेवढ्याचसाठी खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, हे नीट ठरवायला हवं. रिकाम्या सॉकेटवर धुळीसाठी एखादं रबरी बूच बसवा. पिना वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, पुसून काढा. आणि हंगामाचा पहिला प्रयोग लागायच्या आधी अर्थच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)